लवंगेच्या पाण्यातली कवळी

“हिला कोरडी ठेवू नका हं, मावशी. रात्री तोंडातून काढली की लगेच पाण्यात घालायची. कोरडी पडली की ही वाकडी होते आणि मग कुणाच्याच तोंडाची राहत नाही.”

वीस वर्षं झाली, तरी उत्तमकाकांचं हे बोलणं मला काल ऐकल्यासारखं आठवतं. मी एक जुनी कवळी आहे, मित्रांनो. वरची आणि खालची मिळून माझे अठ्ठावीस दात आहेत. डोंबिवलीत, कोपरला राहणाऱ्या गंगुबाईंच्या तोंडात मी तेरा वर्षं होते. नंतरची सात वर्षं मी एका पत्र्याच्या डबीत काढली. आज श्रावणातला पहिला शुक्रवार आहे, आणि आज सकाळी मला पुन्हा पाणी मिळालं. का मिळालं, ते सांगायचं तर अगदी माझ्या जन्मापासून सांगावं लागेल.

माझा जन्म कल्याणचा. स्टेशनपासून थोडं आत, एका अरुंद गल्लीत उत्तमकाकांची खोली होती. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि काका दात करून द्यायचे. एक स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि सगळीकडे प्लास्टरचा पांढरा धुरळा, एवढाच त्यांचा संसार. त्यांनी गंगुबाईंच्या हिरड्यांच्या ठशावर मेण बसवलं आणि त्या मेणात एकेक दात रोवला. मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरला, साचा घट्ट आवळला आणि मला उकळत्या पाण्यात शिजवलं. हो, मित्रांनो, मी शिजून तयार झाले, तुमच्या घरच्या मोदकासारखी.

पण दात मेणात होते तेव्हाच एक गोष्ट घडली. सहसा माणसं काकांच्या खोलीपर्यंत येत नसत. गंगुबाई मात्र पत्ता विचारत विचारत स्वतः आल्या. त्यांच्या हातात लग्नातला एक फोटो होता.

“भाऊ, सगळे दात ओळीत नका लावू. हा बघा, माझा पुढचा दात शेजारच्या दातावर जरा चढलेला होता. तसाच करा.”

“अहो मावशी, लोक वाकडे सरळ करून मागतात!”

“लोकांचं राहू द्या. सकाळी आरशात बघितलं की मला मीच दिसले पाहिजे.”

काका हसले. त्यांनी दिव्यावर हत्यार गरम केलं, मेण मऊ केलं आणि तो एक दात किंचित तिरका केला. माझा तो दात मला अजून सगळ्यात प्रिय आहे. कवळ्या पुष्कळ असतात, पण त्या दातामुळे मी गंगुबाईंची झाले.

आता तुम्ही विचाराल, त्यांचे स्वतःचे दात कुठे गेले? ते मिश्रीने नेले. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि बोटाने दातांना घासायची, तिला मिश्री म्हणतात. गंगुबाईंचं माहेर साताऱ्याकडचं. चौदाव्या वर्षी दाढ दुखली म्हणून मामीने त्यांच्या बोटावर पहिली मिश्री ठेवली. दाढ दुखायची थांबली, मिश्रीचं बोट मात्र सुटलं नाही. पन्नाशीला हिरड्या सुजल्या, एकेक दात हलायला लागला आणि दोन वर्षांत तोंड रिकामं झालं. मग त्या वर्षी चातुर्मासात गंगुबाईंनी मिश्री सोडली. चातुर्मासात सोडलेला पदार्थ कार्तिकात पुन्हा घ्यायचा असतो. कार्तिकात त्यांनी डबी उघडली, डोळे मिटून एकदा वास घेतला आणि सगळी मिश्री मोरीत ओतून दिली. डबी मात्र धुऊन, पुसून फळीवर ठेवली. ही डबी लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

सुरुवातीचे दिवस आमचे दोघींचेही कठीण गेले. मी त्यांच्या हिरड्या सोलायचे, त्या तुपाचं बोट लावायच्या. ‘दत्त’ म्हणायला गेल्या की मी तोंडात टकटक वाजायचे. पण गंगुबाई चिकाटीच्या. सकाळी देवापुढे बसून एकेक अक्षर हळूहळू म्हणायच्या. दसऱ्याच्या दिवशी ‘दत्त’ असा स्वच्छ उमटला की देव्हाऱ्यातली ज्योतसुद्धा माझ्याकडे बघून हलल्यासारखी वाटली. नंतर मी भाकरी चावली, ओलं खोबरं चावलं, संक्रांतीचा तिळगूळ चावला. उसाला मात्र मी कधी धजावले नाही.

माझ्या वैभवाचे दिवस म्हणजे श्रावणातले शुक्रवार. आमची तेव्हा दुमजली चाळ होती. सकाळी दहाला चाळीतल्या अकराजणी गंगुबाईंच्या खोलीत जमायच्या. जिवतीची पूजा झाली की हातात अक्षता घेऊन बसायच्या, आणि गंगुबाई कहाणी सांगायच्या. वाचून नाही हं, तोंडपाठ! कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, सगळं त्यांना ठाऊक. शेवटी पळीपळीने तीर्थ, मग दूध-साखर आणि फुटाणे. ते फुटाणे खाताना मी असा कडकड आवाज काढायचे की बाया म्हणायच्या, “गंगूमावशींचे दात आपल्यापेक्षा खणखणीत!”

एक बारावी बाई दारात, उंबऱ्याशी पाट टाकून बसायची. ती शेजारची भीमाबाई. ती बौद्ध. आपला धम्म ती नेमाने पाळायची. ती तीर्थ घ्यायची नाही आणि गंगुबाई तिला आग्रहही करायच्या नाहीत. पण कहाणी ऐकायला ती हटकून यायची.

“तुझ्या देवासाठी नाही येत मी,” ती म्हणायची. “फुटाण्यांसाठी येते.”

“माहितेय गं. म्हणून तुझ्यासाठी वेगळी पुडी बांधलीय.”

माझं राहण्याचं ठिकाणही थाटाचं होतं. पूजेचं पाणी ठेवायच्या तांब्याच्या लहान भांड्याला पंचपात्री म्हणतात. गंगुबाईंकडे तशा दोन होत्या, एक आईने दिलेली, एक सासूबाईंची. सासूबाईंची एकदा पडली आणि तिला पोटाशी खड्डा पडला. देवाजवळ खड्ड्याचं भांडं नको, आणि देवाचं भांडं भंगारात तरी कसं द्यायचं? म्हणून ती मला मिळाली. रात्री गंगुबाई मला तिच्यात ठेवायच्या आणि वासाला एक लवंग टाकायच्या. “ज्या दातांनी देवाचं नाव घ्यायचं, ते देवाच्या भांड्यात निजले तर काय बिघडलं?” असं त्यांचं म्हणणं. भीमाबाई हसायची. “तुझे दात देवापेक्षा थाटात राहतात बाई!”

मित्रांनो, बिघडलं ते इथेच.

सात वर्षांपूर्वीच्या श्रावणातला तो दुसरा शुक्रवार. सकाळी गंगुबाईंनी मला काढून तोंडात बसवलं. रात्रीचं पाणी त्या रोज लगेच मोरीत ओतायच्या. त्या दिवशी नळाला पाणी आलेलं नव्हतं, मोरी खरकट्या भांड्यांनी भरलेली, सून ऐश्वर्या कामावर निघायच्या गडबडीत. नंतर ओतू म्हणून त्यांनी खड्ड्याच्या पंचपात्रीवर झाकणी ठेवली आणि ती खिडकीत सरकवली. त्याच खिडकीत, तुळशीपाशी, तीर्थाची पंचपात्री भरून ठेवलेली होती. तिच्यावरही तसलीच झाकणी.

कहाणी संपली. अक्षता वाहिल्या. गंगुबाईंनी खिडकीतून पंचपात्री घेतली आणि तीर्थ द्यायला सुरुवात केली. पहिली पळी, दुसरी पळी. तिसरी विनिताच्या तळहातावर. विनिता तेव्हा चाळीत नवीन लग्न होऊन आलेली. तिने तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि डोळे मोठे केले.

“मावशी, आजच्या तीर्थाला वास काय सुंदर येतोय! लवंग घातलीत का हो?”

गंगुबाईंचा हात थांबला. त्यांनी खाली पाहिलं. भांड्याच्या पोटाला खड्डा होता आणि तळाशी लवंग.

समोर अजून आठ ओंजळी पसरलेल्या होत्या.

“हो,” गंगुबाई म्हणाल्या. आणि चौथी पळी भरली.

तो ‘हो’ माझ्यातूनच बाहेर पडला, मित्रांनो. मी दात घट्ट मिटू शकले असते तर मिटले असते. पण कवळीला स्वतःहून मिटता येत नाही. पहिल्या तीन पळ्यांची चूक झाली होती. पुढच्या आठ पळ्यांना चूक म्हणता येत नाही, आणि हे गंगुबाईंइतकं कुणालाच कळत नव्हतं.

बाया गेल्या. भीमाबाई पाटावरून उठली नाही.

“गंगू, खड्ड्याची ती तुझ्या दातांची ना गं?”

गंगुबाईंनी खिडकीतल्या दुसऱ्या पंचपात्रीची झाकणी काढून दाखवली. तीर्थ काठोकाठ तसंच होतं.

भीमाबाईला आधी हसू आलं. तिने तोंडाला पदर लावला. पण मैत्रिणीचा चेहरा पाहून ते हसू तिने गिळलं.

“अगं, पाणीच ना ते? कुणी मेलं का? संध्याकाळी बोलव सगळ्यांना आणि सांगून टाक. दोघी चिडतील, नऊजणी हसतील.”

“पाण्याचं नाही गं, भीमा. मला कळल्यावरही मी दिलं. माझं उष्टं, देवाच्या नावाने. त्या निर्मलाचा निर्जळ उपास होता, तीर्थाशिवाय काही घेणार नव्हती ती. तिच्याही हातावर घातलं मी.”

“मग तेही सांग.”

“काय तोंडाने सांगू?”

असं म्हणून गंगुबाईंनी मला तोंडातून काढलं. पुसलं. फळीवरची ती मिश्रीची रिकामी डबी घेतली आणि मला आत टाकून झाकण लावलं. पाणी नाही, लवंग नाही. सगळ्यांना सांगितलं, कवळी टोचते, आता कहाणी होणार नाही.

भीमाबाईने मात्र पिच्छा सोडला नाही. ती आली की मी डबीतून ऐकायचे.

“सांगितलंस का?”

“दात नाहीत तोंडात. बोलले तरी कुणाला कळणार?”

“मला बरं कळतं सगळं!”

“तू वेगळी. बरं बाई, दात बसले की पहिलं हेच सांगीन. मगच कहाणी.”

“शब्द?”

“शब्द.”

“शपथबिपथ मी मागत नाही. शब्द दिलास, पुरे झालं.”

दिवस सरले. पुढच्या वर्षी तो आजार आला आणि कुणी कुणाच्या दाराशी उभं राहीना. मग चाळ पाडून इमारत बांधायचं ठरलं. बायका भाड्याच्या घरांत पांगल्या. भीमाबाई मुलाकडे, राजरत्नकडे, शहाडला राहायला गेली ती गेलीच. फोन मात्र दर रविवारी. बाकी सगळं बोलून झालं की शेवटी तेच, “सांगितलंस का?”

आणि मी? मी डबीत कोरडी पडत गेले. एकदा गंगुबाईंनी मला काढून तोंडात घालून पाहिलं. मी उभीच राहीना. डावीकडे दाबलं की उजवीकडे उचलायचे. उत्तमकाका म्हणाले होते तेच झालं, मी वाकडी झाले होते. त्यांना दाखवायला साईनाथ, म्हणजे गंगुबाईंचा मुलगा, कल्याणला जाऊन आला. ती खोली तिथे राहिली नव्हती. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

बिनदातांच्या त्या वर्षांत गंगुबाई भाकरी दुधात कुस्करून खायच्या. फुटाणे खलबत्त्यात कुटून चिमटीने तोंडात टाकायच्या. हसताना पदर तोंडावर जायचा, आणि पुढे पुढे हसायच्याच नाहीत. देवापुढे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

पण यापेक्षा मोठी गोष्ट बाहेर घडत होती. इमारत उभी राहिली, जुन्या बाया परत आल्या, काही नव्या आल्या. श्रावणातले शुक्रवार खालच्या हॉलमध्ये होऊ लागले. कहाणी आता मोबाइलवर लावतात. आणि तीर्थ? विनिता दर शुक्रवारी तीर्थात लवंग घालते. का, म्हणून नव्या सुनांनी विचारलं तर सांगते, “ही आमच्या गंगूमावशींची रीत आहे. त्यांच्या माहेरची.” तिच्या बहिणीने ती रीत अंबरनाथला नेली. बहिणीच्या नणंदेने आणखी कुठे. एका कवळीच्या रात्रीच्या पाण्याची रीत झाली, मित्रांनो! ऐश्वर्याने हे एकदा कौतुकाने घरी सांगितलं, तेव्हा गंगुबाई ताटावरून उठल्या आणि देवापुढे जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी दर शुक्रवारी मौन धरलं. लोकांना वाटलं, नवं व्रत घेतलं.

या वर्षी माघात भीमाबाईचा फोन आला. ऐकू कमी येतं म्हणून गंगुबाई फोन मोठ्याने लावतात, त्यामुळे फळीवर मलाही ऐकू आलं.

“गंगू, तुझं निमित्त संपलं बघ. माझी मेघना आता ठाण्याला दात बसवते. हाडात बसवते, हाडात! हलायचं नावच नाही. मंगळवारी जायचं.”

“मंगळवारी माझा उपास असतो.”

“दात दाखवायला उपास मोडत नाही. आणि दात नाहीतच, तर दाखवणार काय? चल!”

मेघना म्हणजे राजरत्नची मुलगी. लहानपणी चाळीच्या गॅलरीत तीही गंगुबाईंच्या हातचे फुटाणे खायची. तिने सांगितलं होतं, जुनी कवळी बरोबर आणा. म्हणून मीही ठाण्याला गेले, पर्समध्ये, रुमालात गुंडाळून.

मेघनाने आधी साखर तपासायला लावली, मग जबड्याचे फोटो काढले. पडद्यावर तिने खालच्या जबड्याचं हाड दाखवलं. ते मधे बसल्यासारखं, पातळ दिसत होतं.

“आजी, दात गेले की हाड असं झिजत जातं. वरून नुसती कवळी बसवली की तिचा दाबही त्यावरच येतो.”

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, मित्रांनो. तेरा वर्षं मला वाटत होतं, मी गंगुबाईंना आधार देते. आणि ज्या हाडावर मी बसत होते, तेच माझ्याखाली झिजत होतं. मेघनाच्या ट्रेमध्ये पडल्या पडल्या मला त्या हाडाची क्षमा मागावीशी वाटली.

मग मेघनाने काय करायचं ते समजावलं. खालच्या हाडात पुढे दोन बारीक स्क्रू बसवायचे. हाड त्यांना घट्ट धरतं, झाडाची मुळी मातीत धरावी तसं. मग त्या स्क्रूंवर दोन बटणं, आणि खालची नवी कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी दाबून बसवायची. वरची कवळी साधीच, पण नव्या मापाची.

“स्क्रू कसला गं? लोखंड नको हं. मी देवाजवळ बसते.”

“लोखंड नाही, आजी. टायटॅनियम. हाडाला हा धातू परका वाटत नाही.”

“आपला वाटायला किती दिवस लागतात?”

“साडेतीन महिने तरी. तोवर मऊ खायचं आणि तिथे जोर द्यायचा नाही.”

गंगुबाईंनी बोटांवर मोजलं. अक्षय तृतीया झाली की बसवायचे. मग अर्धा वैशाख, मधे अधिक महिना, मग ज्येष्ठ, आषाढ. “म्हणजे श्रावण,” त्या हळूच म्हणाल्या. पलीकडे खुर्चीत बसलेली भीमाबाई नुसती हसली.

वैशाखात दोन स्क्रू बसले. गंगुबाईंनी तोंड बधिर करायच्या सुईच्या वेळी डोळे मिटून जप केला आणि नंतर विचारलं, “झालं? अजून माझी माळसुद्धा पुरी झाली नाही!” मग त्या साडेतीन महिन्यांचा त्यांनी नेमच केला. पेज, मऊ भात, शिरा. सकाळ-संध्याकाळ मेघनाने दिलेल्या पाण्याने हळू चूळ. ऐश्वर्या म्हणायची, “आई, तुमच्या व्रतांत हे एक सोपं व्रत आलंय.” त्या म्हणायच्या, “सोपं नाही गं. याचं उद्यापन अवघड आहे.” ऐश्वर्याला कळलं नाही. मला कळलं.

नवी कवळी करताना मेघनाने मला हातात घेतलं, उजेडात फिरवलं. “आजी, हा एक दात तिरका दिसतोय. नव्या कवळीत सरळ करू?”

“नको गं. तेवढा तसाच ठेव.”

मित्रांनो, त्या क्षणी माझी सात वर्षांची कोरड निम्मी गेली.

नवी कवळी आली. ती ‘टच’ करून बसते आणि जागची हलत नाही. तिचा मला हेवा वाटला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोट्याचं काय होतं ते मी पाहिलंय. पण मेघनाने ती देताना काय सांगितलं, ते ऐका. “आजी, बटणांभोवती रोज ब्रश फिरवायचा. सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि रात्री काढली की पाण्यात ठेवायची. हिला कोरडी ठेवू नका हं.” कल्याणच्या त्या गल्लीतला आवाज मला पुन्हा ऐकू आला.

परवा विनिता वर आली. आता तिला दोन मुली आहेत.

“मावशी, अय्या, किती छान दिसताय! आता या शुक्रवारी कहाणी तुम्हीच सांगायची. मोबाइल बंद! तीर्थ मी करते, तुमच्या रीतीनेच. हे बघा, लवंगेचं पाकीटच आणलंय.”

गंगुबाईंनी तिच्या हातातलं पाकीट घेतलं. “हे माझ्याकडे राहू दे. तीर्थ साधंच कर या वेळी.”

“का हो?”

“शुक्रवारी सांगते.”

मित्रांनो, माझं आयुष्य आता संपलंच आहे, म्हणून थोडं मागणं मागते. तुमचे दात उगवलेले आहेत, माझ्यासारखे शिजवलेले नाहीत. सकाळ-संध्याकाळ ब्रश करा. कुणी मायेने जरी बोटावर तंबाखू ठेवली तरी हात मागे घ्या, मामी असली तरी. दात दुखला तर तसाच अंगावर काढू नका, दाखवायला जा. तुमच्या घरी आजी-आजोबांची कवळी असेल तर तिला बघून ‘ई’ म्हणू नका. तिचं पाणी रोज बदला आणि तिला तिचा वेगळा पेला द्या. आणि एखादी गोष्ट सांगायची राहिली असेल तर ती डबीत घालून ठेवू नका. तीही कोरडी पडते, वाकडी होते, आणि मग तोंडात बसत नाही. बसवायची तर हाडापर्यंत जावं लागतं.

आज सकाळी गंगुबाईंनी पूजा केली. मग फळीवरून डबी काढली, मला बाहेर घेतलं, नळाखाली धुतलं. काचेचा एक पेला भरला, त्यात विनिताच्या पाकिटातली एक लवंग टाकली आणि मला अलगद आत सोडलं. “तू बस गं पाण्यात,” म्हणाल्या. पाणी माझ्या भेगांत शिरलं. मी सरळ होणार नाही आता. पण बरं वाटलं.

फोन वाजला.

“गंगू, निघालीस का? मी रिक्षात आहे, शहाडचा पूल संपतोय.”

“निघते.”

“काय घेतलंयस बरोबर?”

“अक्षता. आणि खड्ड्याची पंचपात्री.”

“ती कशाला आता?”

“दाखवायला. नुसतं तोंडी सांगितलं तर हसण्यावारी नेतील. आठ पळ्या मी मोजून सांगणार आहे. निर्मलाची आधी.”

“मी आत येऊन बसू का तुझ्याजवळ?”

“नको. दारातच बस, तेव्हासारखी. मला समोर दिसलीस की बोलता येईल.”

“फुटाणे आहेत ना?”

“वेगळी पुडी बांधलीय.”

गंगुबाईंनी फोन ठेवला. आरशासमोर उभ्या राहिल्या. तो तिरका दात दिसेल इतपत ओठ उघडले, पुन्हा मिटले. रिकामी पंचपात्री पदराखाली धरायला गेल्या, मग थांबल्या आणि ती तशीच उघड्या हातात धरली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. लिफ्ट आमच्या मजल्यावरच उभी होती, पण तिचं दार वाजलं नाही. त्या जिन्याने उतरत होत्या. एकेक पायरी, सावकाश, आणि दर पायरीवर तेच पहिलं वाक्य पुन्हा म्हणून बघत, “बायांनो, कहाणीच्या आधी मला एक सांगायचंय.”